टेलर, ई. एस. एस.

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. पुण्याला लेकाकडे गेले की सोसायटीतल्या बायका अजून हसतात मला. एकदा लिफ्टचं दार लागत होतं आणि मी ओरडले, "थांबा वं, मीबी येतो," तर आतली बाई कोण पुरुष येतोय म्हणून कोपऱ्यात सरकून उभी राहिली. मी काही तिला समजावत बसले नाही. लिहिताना हाताला शाळेचं वळण आहे, म्हणून इथं "गेले, आले" असं लिहिते आहे. तोंडानं विचाराल तर मी अजून येतो आणि जातोच. आमच्या बोलीत बाईला ही एवढी मोकळीक होती, पण ती "मी" म्हणेपर्यंतच. दुसऱ्यानं तुमच्याकडे बोट दाखवलं की ती संपली. मग तुम्ही कोणाची तरी कोणीतरी व्हायचात, आणि कोणाचीच नसलात तर लोकांची मोठी अडचण व्हायची.

आम्ही दोघीच राहायचो, आई आणि मी, फुलसावंगीच्या सडकेला लागून एका लांबट खोलीत. ती खोली मुळात मोठेबाबांनी कापूस ठेवायला बांधली होती. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कितीही झाडलं तरी सरकीचा वास तिथून गेला नाही, आणि आढ्याला कापसाचे धागे लोंबत राहिले ते राहिलेच. मी लहान असतानाच वडील आदिलाबादेकडे जिनिंगच्या कामावर गेले होते. आधी दिवाळीला आले, मग एका पोळ्याला, आणि मग आलेच नाहीत. तिकडे त्यांनी दुसरं घर केलं असं कोणी म्हणे, कोणी म्हणे कुठल्या बुवाच्या नादी लागले. आई कपाळभर कुंकू लावायची आणि या विषयावर चकार शब्द काढायची नाही. मोठेबाबांनी आम्हाला त्यांच्या गावच्या घरी न ठेवता इथं आणून ठेवलं, कारण मोठ्या आईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, आणि माझ्या आईचं पटत नव्हतं, असं सांगत. खरं म्हणजे कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे मला बरंच उशिरा कळलं.

अधूनमधून त्यांचा छकडा यायचा. त्यात ज्वारीचं पोतं असायचं, कधी तुरीची डाळ, वांग्यांच्या दिवसांत वांगी. मोठेबाबा ओट्यावर बसायचे आणि चहा घ्यायचे. आई डोक्यावरून पदर ओढून दाराआड उभी राहायची, कारण सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही अशी आमची रीत होती. मग मी मध्ये. "कुसुम, मोठेबाबाले सांग डाळ सरली." हातभर अंतरावर बसलेल्या मोठेबाबांना ते स्वच्छ ऐकू यायचं, पण मी पुन्हा सांगेपर्यंत ते बशीतल्या चहावर फुंकर घालत थांबायचे. मग मला म्हणायचे, "तुह्या मायले सांग, धाडतो." मी वळून आईला सांगायचे. पोपटासारखं सगळं दोनदा. पण तेवढा वेळ घरात तीन माणसं बोलत असायची, आणि छकडा गेल्यावर मला फार उदास व्हायचं, हेही खरं.

बाकी दिवस आवाज म्हणजे आईच्या मशीनचा. हाताचं मशीन होतं, तिच्या माहेरून आलेलं. एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कापड सरकवायचं. मी शाळेतून यायची तेव्हा सडकेवरूनच तो आवाज ऐकू यायचा आणि जिवाला बरं वाटायचं. आवाज बंद असला की मी पळत यायची. चुलीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्या, तव्यावर ज्वारीची भाकर, ताटात अंबाडीची भाजी नाहीतर नुसता तिखट भुरका. जेवताना आम्ही फारसं बोलत नसू. बोलायला घडलेलं काही लागतं, आणि आमच्याकडे काही घडतच नव्हतं. माझ्या वर्गात दुसरी मुलगी नव्हती. गावातल्या पोरींची लग्नं ठरत होती आणि त्यांच्या आया त्यांना आमच्याकडे पाठवत नसत. नियमानं यायची ती फक्त मागच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची नायकण. तिचा नवरा, तांड्याचा नाईक म्हणजे मुखिया, मरून गेला होता, तरी तांडा तिला नायकणच म्हणायचा. तिचं भरतकाम आईच्या दसपट चांगलं होतं, पण घागऱ्याच्या घेराच्या लांब शिवणी ती मशीनवर मारून न्यायची, आणि शिवण होईपर्यंत दारात बसून सगळ्या तांड्याची निंदा करायची. ती आली की आई हसायची.

आईला नाव नव्हतं, ही आमची खरी अडचण. म्हणजे नाव होतं, पण कामाचं नाव नव्हतं. बाजारात शिंपी बसायचे आणि त्यांच्या बायकोला शिंपीण म्हणत. त्या म्हातारीला सुईत दोरा ओवायला दिसत नसे, तरी शिंपीण तीच. आई कुणब्याची. तिनं कितीही शिवलं तरी तिला शिंपीण कोण म्हणेल? तिला म्हणत "कुसुमची माय" नाहीतर "सडकेवरची बाई". उमरखेडहून येणारी बस आमच्या दारासमोरच थांबायची. उतरणारी माणसं "इथं शिवते थे घर कोन्तं?" असं विचारायची, आणि कोणाला धड सांगता येत नसे, तशी बाजाराकडे निघून जायची. त्या ज्वारीच्या पोत्यावर आणि मोठेबाबांच्या मर्जीवर किती दिवस काढायचे, हे आईला आतून पोखरत होतं. मर्जी फिरली तर खोली त्यांची, आणि रीतीप्रमाणे मीसुद्धा त्यांचीच. म्हणून तिला दारावर पाटी हवी होती. पण लिहायचं काय?

तो शब्द मी आणला, शाळेतून. इंग्रजीला आम्हाला कानडे मास्तर होते, अमरावतीकडचे, तरुण आणि घाबरट. ते फळ्यावर डाव्या बाजूला एक शब्द लिहीत आणि उजव्या बाजूला त्याची बाई. अ‍ॅक्टर, अ‍ॅक्ट्रेस. पोएट, पोएटेस. शेफर्ड, शेफर्डेस. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. मास्तर अर्थ सांगायचे, शेफर्डेस म्हणजे धनगरीण. मी उभी राहिले आणि विचारलं, धनगरीण म्हणजे धनगराची बायको, की स्वतः मेंढ्या राखणारी? पोरं हसली. मास्तरांनी मात्र नीट उत्तर दिलं, की स्वतः राखणारी. इंग्रजीत बाईचं नाव नवऱ्यावरून पडत नाही, कामावरून पडतं. हे ऐकून मला जे वाटलं ते अजून आठवतं. असंही कुठं असतं, आणि ते लोक त्यावर भांडत नाहीत. पुढं कळलं की इंग्रजही काही फार शहाणे नव्हते, मेयरच्या बायकोलाच ते मेयरेस म्हणायचे. पण तेव्हा ते कुठं ठाऊक होतं. त्या फळ्यावर खाली खाली आलं: टेलर, टेलरेस.

घरी येऊन मी आईला तो शब्द दिला. तिनं दोन-तीनदा तोंडात घोळवला. "म्हंजे शिवनारी? बायको नाई ना कोनाची?" मी म्हटलं, नाही, नुसती शिवणारी. त्या संध्याकाळी तिनं मला भाकरीवर तूप वाढलं.

पाटी रंगवली कादरभाईंनी. उमरखेडचे पेंटर, सायकलला रंगाचे डबे टांगून गावोगाव जायचे, दुकानाच्या पाट्या, पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं, काय म्हणाल ते रंगवायचे. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केला होता. इंग्रजी अक्षरं मी कागदावर लिहून दिली आणि शाळेत गेले. पत्रा अरुंद, त्यामुळे शब्द एका ओळीत बसेना. कादरभाईंनी वर "टेलर" मोठं काढलं, आणि उरलेली ती ई, एस, एस अक्षरं खालच्या ओळीत. आणि मग त्या भल्या माणसानं आपल्याकडची भर घातली. त्या प्रत्येक अक्षरापुढे एक टिंब दिलं, लाल रंगाचं, रुपयाएवढं. मी परत आले आणि बघतच राहिले. ते स्वतःवरच खूश होते. "वकील के बोर्ड पे लगाता, डागदर के बोर्ड पे लगाता," ते म्हणाले, "तुम्हारी अम्मा के डिग्री पे काहून नाई लगाना?" एवढ्या प्रेमानं केलेलं पुसा म्हणायचं कसं? आईला वाचता येत नव्हतं, तिला ती लाल टिंबं फार आवडली. पाटी लागली.

टेलर, ई. एस. एस. पहिल्यांदा ते बसच्या कंडक्टरनं मोठ्यानं वाचलं, आणि बसभर पोचलं. काही जणांना ती पदवी वाटली, मुंबईची असावी असं म्हणून दोघं-तिघं मापाला नमुन्याचे सदरेही देऊन गेले. आई परक्या पुरुषाच्या अंगाला टेप लावत नसे, जुना सदरा ठेवून जा म्हणायची आणि त्यावरून नवा बेतायची. ते सदरे आत खुंटीला टांगलेले असायचे आणि दारातून दिसायचे. बाकीच्या गावानं मात्र सरळ हिशेब मांडला. ज्याच्या त्याच्या पाटीवर असते तशी ही आद्याक्षरं आहेत. म्हणजे हे कोणा माणसाचं नाव आहे. म्हणजे टाकलेल्या बाईच्या घरात माणूस आहे. हवं तर खुंटीवरचा सदरा बघा. मग त्या माणसाला गाव मिळालं, नांदेड, वय मिळालं, कोणी त्याला पहाटेच्या बसमधून उतरताना पाहिलंसुद्धा. एकनाथ की ईश्वर यावर पारावर वाद झाले. मला शाळेत पोरं विचारायची, "ई. एस. एस. जेवले का वं?" मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? आईला सांगितलं तर ती पाटी काढेल, ही भीती होती, आणि नायकण त्या दिवसांत माहेरी गेली होती.

परवा नातीला हे सांगत होते. ती म्हणाली, आजी, आता बाईलाही अ‍ॅक्टरच म्हणतात, ते पुढचं सगळं काढून टाकलं. बरं केलं बाई. पण आमच्याकडे ती तीन अक्षरं लावायला काय काय सोसावं लागलं हे तिला कसं कळावं.

बाजाराच्या दिवशी दुपारी मोठेबाबांचा छकडा आला. पोतं नव्हतं. छकड्यात गोधडी अंथरलेली होती, आणि ती पाहूनच मी समजले की ती माझ्यासाठी आहे. मारेगावकडच्या एका स्थळाचं मोठ्या आईच्या तोंडून मी आधी ऐकलेलं होतं. मोठेबाबा ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच, नेहमीच्या रीतीनं, मला म्हणाले, "तुह्या मायले विचार, हा ई. एस. एस. कोन हाये."

मी वळले आणि दाराआडच्या आईला तो प्रश्न विचारला. माझ्याच तोंडानं, माझ्याच आईला. रीत म्हणजे रीत. आईला काही समजेना. तिनं मलाच विचारलं, कोण म्हणजे? बसथांब्यावरची माणसं हळूहळू जवळ आली. मी म्हटलं की ते नाव नाही, ते इंग्रजी आहे, कानडे मास्तरांना विचारा. कोणीतरी जाऊन मास्तरांना बाजारातून धरून आणलं. त्यांच्या हातात वांग्यांची पिशवी होती आणि ते वर्गात असायचे त्याच्या दुप्पट घाबरले होते. त्यांनी पाटी पाहिली, ती टिंबं पाहिली, आणि घाम पुसत म्हणाले की हे चुकून झालंय, हा एकच शब्द आहे, टेलरेस, शेवटच्या ई-एस-एसचा अर्थ स्त्री. मोठेबाबांच्या चेहऱ्यावर काही फरक पडेना, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगायला घेतलं. म्हणाले, "असं बघा, आपल्याकडे पाटील, पाटलीण. नाईक, नायकण. तसं टेलर, टेलरेस." मास्तरांनी वर्गात सांगितलेलं मला आठवत होतं, पण भर सडकेवर त्यांनाच ते आठवलं नाही.

मोठेबाबा शिकलेले नव्हते, पण विचार करणारे होते. ते म्हणाले, "पाटलीन कोनाची? पाटलाची. नायकन कोनाची? नायकाची. बरोबर हाये?"

मास्तर म्हणाले, "हो."

"मंग टेलर कोन?"

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मोठेबाबांनी मला दंडाला धरलं, जोरानं नाही, पण धरलं, आणि छकड्याकडे पाऊल टाकलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, गळ्यात टेप होती. भासऱ्यांना हाक काय मारायची हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. म्हणून तिनं हाक न मारताच सुरुवात केली. माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघून.

"टेलर मीच हाव," ती म्हणाली. "अन् टेलराची बायकोबी मीच. या घरात तिसरं कोनी नाई. तुमच्या भावाले धुंडाले तुम्ही कवा छकडा जुपला नाई. माह्या पोरीले न्याले जुपला."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मोठेबाबांनी माझा दंड सोडला. ते काही बोलतील म्हणून सगळे थांबले होते, मीही. ते जमिनीकडे बघत मलाच म्हणाले, "तुह्या मायले सांग..." आणि वाक्य तिथंच सोडलं. ते छकड्यात चढले आणि गेले. मास्तर वांग्यांची पिशवी ओट्यावर विसरून गेले, ती आम्ही दुसऱ्या दिवशी परत केली.

त्यानंतर मोठेबाबा कधी आमच्याकडे आले नाहीत. पोतं येत राहिलं, पण गड्याबरोबर, आणि गडी पोतं टाकून पाणीही न पिता जायचा. खोली काढून घेतली नाही, शाळाही सुटली नाही. आम्ही जिंकलो होतो म्हणा ना. पण आता ओट्यावर चहा प्यायला कोणी नव्हतं आणि मला इकडचं तिकडे सांगायला काही उरलं नव्हतं. लग्नाकार्याचं बोलावणंही आलं नाही. लाल टिंबं मी चाकूनं खरवडून काढली, अक्षरं राहू दिली. शिवण वाढली. गाव बाईला "टेलरेस" म्हणायला काही शिकलं नाही. "टेलरबाई" म्हणायला लागलं, तेही कमी नव्हतं. पण घरात इतकं शांत असायचं की चाक थांबलं की मला दचकायला व्हायचं. मी पुष्कळदा पुस्तक उघडून नुसती बसून असायची आणि मोठेबाबांवर रागवावं की त्यांची वाट बघावी, हेच मला ठरवता यायचं नाही.

अशाच एका दिवेलागणीला आई काज करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या मास्तरले विचारजो, टाकलेल्या बायकोले इंग्रजीत काय म्हन्ते." तोवर तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मास्तरांना विचारलं. ते पुस्तकं आवरत होते. म्हणाले, डेझर्टेड वाइफ. मी सवयीनं पुढचं विचारलं, ही बाई झाली, मग याचा पुरुष काय? टाकून जाणाऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं? पळून गेलेल्या शिपायाला शब्द आहे, मास्तर म्हणाले, नवऱ्याला नाही. मी विचारलं, मराठीत? ते म्हणाले, "मराठीतही नाही गं, पोरी."

मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. तिला आहे, त्याला नाही. दोन्ही भाषांत नाही. तिनं दोरा दातानं तोडला, कापड झटकलं, घडी घातली. मला वाटलं आता ती रडेल, आणि ती रडली की मीही रडेन, म्हणून मी तयारच होऊन बसले होते.

"नसंन तर नसंन," ती म्हणाली. "तू आपली बापच म्हनत जाय त्याले. मले काई म्हनाची गरज नाई."